शिफारसपत्र नको, खरी नोंद हवी

आमच्या मंडळाच्या कचेरीत शिफारसपत्रासाठी माणसे येतात, ही काही नवी गोष्ट नव्हे. शाळेतला प्रवेश असो, बँकेचे कर्ज असो की कुणाकडे चाकरी असो, मंडळाच्या शिक्क्याचे एक पत्र खिशात असले की माणसाला धीर येतो. आमच्या वडीलधाऱ्यांनी वर्षानुवर्षे ही पत्रे दिली आणि आम्हीही तोच रिवाज पुढे चालवला. पण २०२३ साली आम्ही दिलेल्या एका पत्राने आणि नाकारलेल्या दुसऱ्या एका पत्राने आमचे डोळे उघडले. दोन्ही पत्रे ट्रक ड्रायव्हरच्या नोकरीसाठी होती. झाले ते सभासदांपुढे जसेच्या तसे मांडणे आमचे कर्तव्य आहे.

पहिला तिशीतला तरुण. घराणे बेळगावात तीन पिढ्यांचे, वडील मंडळाचे जुने वर्गणीदार. आम्ही काहीही न विचारता लिहून दिले, ‘सदर इसम आमच्या पूर्ण परिचयाचा असून निर्व्यसनी व कष्टाळू आहे.’ त्या पत्रावर आपल्याच एका मराठी मालकाने त्याच्या हाती दहाचाकी गाडी दिली. चौथ्या महिन्यात भाजी भरून गोव्याकडे जाताना कणकुंबीच्या अलीकडे त्याने एका मोटारसायकलवाल्याला उडवले. त्या माणसाचा एक पाय गेला. तपासणीत ड्रायव्हर दारू प्यायलेला निघाला. मग हळूहळू बाहेर आले की, याच कारणासाठी त्याचे लायसन्स पूर्वी एकदा तीन महिने जमा होते आणि दोन मालकांनी त्याला काढून टाकले होते. मालक आमचे पत्र हातात घेऊन कचेरीत आले. ते चिडले नाहीत. एवढेच म्हणाले, ‘साहेब, मी पोराचं तोंड बघून गाडी दिली नव्हती, तुमची सही बघून दिली होती.’ आमच्याकडे उत्तर नव्हते.

दुसरा गृहस्थ पन्नाशीचा, खानापूर तालुक्यातला. आयुष्य स्टेअरिंगवर गेलेले. २०१४ च्या गळीत हंगामात रात्री संकेश्वरच्या पुढे त्याची गाडी उसाच्या बैलगाडीवर मागून आदळली. बैलगाडीला मागे ना दिवा होता, ना चमकती पट्टी. गाडीवानाचा हात मोडला. हा पळाला नाही. जखमीला दवाखान्यात नेले, स्वतः ठाण्यात जाऊन वर्दी दिली. त्यानंतर नऊ वर्षांत त्याच्या हातून साधा खरचटण्याचाही प्रकार झाला नव्हता. जुन्या मालकाने कोरोनाच्या काळात गाडी विकली आणि तेव्हापासून तो काम शोधत होता. जिथे जाई तिथे एकच उत्तर मिळे, ‘तुझ्या नावावर केस आहे.’ तो आमच्याकडे पत्र मागायला आला आणि आम्हीही तेच उत्तर दिले. ‘केस असलेल्या माणसाला मंडळाचे पत्र कसे देणार?’ त्याने वाद घातला नाही. चप्पल घातली आणि गेला. आज तो बाजारातल्या एका गोदामात पोती मोजतो.

वाचकहो, हे दोन्ही निर्णय आम्ही एकाच टेबलावर, एकाच शिक्क्याने केले. दोन्ही वेळा चुकलो. एकाचे घराणे पाहिले, दुसऱ्याची केस पाहिली. दोघांची गाडी चालवण्याची खरी नोंद मात्र आम्ही पाहिली नाही.

नोंद असते तरी कुठे?

ज्याचे रेकॉर्ड खराब आहे त्याला गाडी द्यावी की न द्यावी, हा प्रश्न ऐकायला सोपा वाटतो. पण आधी विचारायला हवे की, हे रेकॉर्ड म्हणतात ते आहे कुठे? आपल्याकडे ते एका ठिकाणी नाही. लायसन्स आर.टी.ओ.च्या दप्तरात आणि ‘सारथी’ या संगणकीय नोंदवहीत. अपघाताची वर्दी पोलीस ठाण्यात. निकाल न्यायालयात. नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. गाडीच्या दुरुस्तीची फाइल विमा कंपनीकडे. आणि महामार्गावरच्या कॅमेऱ्याने काढलेला दंड? तो तर गाडीच्या नंबरावर पडतो, म्हणजे मालकाच्या नावावर. गाडी त्या दिवशी कोण चालवत होता, याचा त्या पावतीवर पत्ताही नसतो. मालक ती रक्कम ड्रायव्हरच्या पगारातून वा भत्त्यातून कापून घेतो. ड्रायव्हर बदलतो, नवा येतो, त्याच्याही पगारातून कापतो. शिक्षा दोघांनाही झाली, नोंद मात्र एकाच्याही नावावर नाही. वेगाने गाडी हाकणारा पुढच्या मालकाकडे कोऱ्या पाटीने जातो.

मग खरे रेकॉर्ड चालते ते तोंडी. ट्रान्सपोर्टच्या कचेरीतला मुकादम दुसऱ्या कचेरीत फोन लावतो, ‘अमका आला होता, कसा काय आहे?’ त्या फोनवर जे सांगितले जाईल तेच रेकॉर्ड. उचल फेडली नाही म्हणून रागावलेला मालक ‘वाईट आहे’ म्हणतो. ज्याला आपल्याकडची ब्याद दुसऱ्याच्या गळ्यात मारायची आहे तो ‘उत्तम आहे’ म्हणतो. ओव्हरलोड भरायला नाही म्हणणारा ड्रायव्हर ‘उद्धट’ ठरतो आणि दोन रात्री न झोपता मुंबई गाठणारा ‘कामाचा’ ठरतो. ज्याच्याबद्दल बोलणे चालले आहे, त्याला ते ऐकूही येत नाही आणि खोडताही येत नाही.

केस होते कशी?

खानापूरच्या त्या गृहस्थाचे कागद आम्ही नंतर मागवून वाचले. उशिरा का होईना, वाचले. ते वाचून जे समजले ते आपल्या भागातल्या शेकडो ड्रायव्हरांना लागू पडेल असे आम्हाला वाटते.

अपघात झाला की गाडी जप्त होते. गाडी ठाण्याच्या आवारात उभी राहिली की मालकाचा कर्जाचा हप्ता थांबत नाही. मालकाला गाडी लवकर सुटायला हवी असते आणि ड्रायव्हरला कोर्टाच्या तारखांसाठी खाडे परवडत नाहीत. वकील सांगतो, ‘कबूल कर, दंड भर, मोकळा हो.’ त्या वेळच्या भारतीय दंड संहितेत बेदरकारपणे गाडी चालवण्याचे कलम २७९ होते आणि त्यातला दंड एक हजार रुपयांपर्यंत. गंभीर दुखापतीचे कलम ३३८, त्यातलाही दंड एक हजारापर्यंत. म्हणजे दोन्ही मिळून दोन हजारांच्या आत प्रकरण मिटते. दंड मालकाने भरला, गाडी सुटली, सगळे घरी गेले. ड्रायव्हरच्या नावावर मात्र ‘गुन्हा शाबीत’ असे कायमचे लागले. बैलगाडीला दिवा नव्हता, हे म्हणायची वेळच आली नाही, कारण कबुली दिल्यावर पुरावा कोण पाहतो?

त्यात आपल्या सीमाभागाचे आणखी एक दुखणे. वर्दी कन्नडमध्ये, पंचनामा कन्नडमध्ये, दोषारोपपत्र कन्नडमध्ये. मराठी शाळेत सातवी शिकलेला ड्रायव्हर सांगतील तिथे सही करतो. या गृहस्थाच्या कागदांत ‘चालक भरधाव वेगात होता’ असे वाक्य आहे आणि खाली त्याची मराठीत सही आहे. ते वाक्य काय आहे, हे त्याला नऊ वर्षांनी आमच्याकडून कळले. आरोपीला न समजणाऱ्या भाषेतली साक्ष त्याला समजेल अशा भाषेत सांगावी, हा फौजदारी कामकाजाचा जुना नियम आहे. पण खटला साक्षीपर्यंत गेला तर तो उपयोगी पडणार! कबुलीने मिटलेल्या प्रकरणात तो नियम कागदावरच राहतो. भाषेचा प्रश्न आपण फलकांपुरता आणि शाळांपुरता मांडतो. पण गरीब माणसाच्या भाकरीवर तो असा येऊन बसतो, हेही आपण पाहिले पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

गंमत अशी की, आपण समाज म्हणून जितके कठोर आहोत तितका कायदा कठोर नाही आणि जिथे आपण ढिले आहोत तिथे तो ढिला नाही.

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १९ प्रमाणे लायसन्स देणारा अधिकारी आणि कलम २० प्रमाणे न्यायालय ड्रायव्हरला काही काळ वा कायमचे अपात्र ठरवू शकते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दारू पिऊन वा धोकादायक रीतीने गाडी चालवली तर पोलीस लायसन्स ताब्यात घेऊन ते अपात्रतेसाठी पाठवू शकतात. पहिल्या वेळी तीन महिने, पुन्हा तोच गुन्हा केल्यास लायसन्स रद्द. मुदत संपली तरी उजळणीचे प्रशिक्षण पुरे केल्याशिवाय लायसन्स परत मिळू नये, अशीही तरतूद त्याच दुरुस्तीने आली. दारूच्या गुन्ह्याला पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांचा दंड किंवा दोन्ही, दुसऱ्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पंधरा हजारांचा दंड किंवा दोन्ही. यात मवाळ काही नाही.

पण त्याच कायद्यात कलम २५ आहे. ते फारसे कुणी वाचत नाही. न्यायालयाने अपात्र ठरवले की त्याचा शेरा लायसन्सवर येतो आणि नवे लायसन्स काढले तरी तो पुढे जातो, असे ते कलम सांगते. मात्र शेवटच्या शेऱ्यानंतर सलग तीन वर्षे नवा शेरा पडला नाही तर त्या माणसाला बिनशेऱ्याचे लायसन्स मिळण्याचा हक्क आहे, हेही तेच कलम सांगते. नुसत्या वेगमर्यादेचा शेरा असेल तर एक वर्ष पुरे. अपात्रतेचा काळ या मुदतीत धरायचा नाही, एवढीच अट. म्हणजे चूक लपवू नका, पण सुधारलेल्या माणसाच्या कपाळावर ती जन्मभर गोंदूही नका, हे संसदेने १९८८ सालीच ठरवले आहे.

आता आमच्या दोघांकडे पाहा. खानापूरच्या गृहस्थाचे लायसन्स एक दिवसही अपात्र झाले नव्हते. त्यावर शेराच नव्हता. २०१४ नंतर त्याचे दर वेळी रीतसर नूतनीकरण झाले. सरकारी दप्तरात तो स्वच्छ आणि आपल्या दारात तो गुन्हेगार. उलट ज्याचे लायसन्स खरोखर जमा झाले होते, तो आपल्या दारात ‘निर्व्यसनी’.

परदेशाचे उदाहरण द्यायची आम्हाला हौस नाही. पण अमेरिकेत ट्रक ड्रायव्हर नेमताना मालकाला त्याच्या लेखी संमतीने मागच्या पाच वर्षांतील अपघातांची आणि तीन वर्षांतील रस्त्यावरच्या तपासण्यांची सरकारी नोंद मागवता येते. ही सोय २०१० पासून आहे. जुन्या मालकाने दिलेली माहिती ड्रायव्हरला पाहता येते आणि चूक असेल तर तिच्यावर लेखी हरकत घेता येते. तिथे सारे आलबेल आहे असे नव्हे. त्या यादीत दुसऱ्याच्या चुकीने झालेला अपघातही येतो आणि तिथलेही ड्रायव्हर त्याबद्दल कुरकुरतात. पण नोंदीला मुदत असावी आणि ज्याची नोंद त्याला ती दिसावी, या दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत.

मालकांची बाजू

आमचे अनेक सभासद एक-दोन गाड्यांचे मालक आहेत. त्यांची बाजू खोटी नाही. लाखो रुपयांचे कर्ज काढून घेतलेली गाडी दुसऱ्याच्या हाती द्यायची, ती रात्रीत दोन राज्ये ओलांडणार, त्यात भरलेला माल तिसऱ्याचा. अपघात झाला तर दावा, कोर्ट, पोलीस, आणि विम्याचा दावा केला की न केलेल्या दाव्याबद्दल मिळणारी सूटही गेली. असा मालक ‘केसवाला ड्रायव्हर नको’ म्हणाला तर त्याला निर्दय म्हणणे सोपे आहे, पण बरोबर नाही.

तरी या भीतीत काही गैरसमज आहेत. एक म्हणजे, जुनी केस असलेला ड्रायव्हर ठेवला तर विमा मिळत नाही. तसे नाही. विमा कंपनीला हरकत घेता येते ती ड्रायव्हरकडे त्या जातीच्या गाडीचे चालू लायसन्स नसेल किंवा तो अपात्र असेल तेव्हा. जुना अपघात ही हरकत नव्हे. २००४ साली नॅशनल इन्शुरन्स विरुद्ध स्वरन सिंग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, लायसन्सच्या दोषावर बोट ठेवून कंपनीला मोकळे व्हायचे असेल तर मालकाने वाजवी काळजी घेतली नाही, हे कंपनीने सिद्ध केले पाहिजे. मालगाडीच्या तिऱ्हाईत विम्याचा हप्ताही गाडीच्या वजनावर ठरतो, ड्रायव्हरच्या इतिहासावर नव्हे. म्हणजे मालकाचे संरक्षण आहे ते ‘काळजी घेण्यात’. ही काळजी म्हणजे आमचे शिफारसपत्र नव्हे. लायसन्स ‘सारथी’वर तपासणे, त्याची छापील प्रत ठेवणे, माणसाला समोर बसवून विचारणे, ही काळजी.

दुसरा मुद्दा थोडा कडू आहे. ड्रायव्हरचे रेकॉर्ड नेहमी ड्रायव्हर एकटाच खराब करतो का? २०२५ पर्यंत लागू असलेल्या मोटार परिवहन कामगार कायदा, १९६१ प्रमाणे दिवसाचे काम आठ तासांचे, लांब पल्ल्याला फार तर दहा तासांचे होते. पण तो कायदा पाच वा अधिक कामगार असलेल्या धंद्याला लागे. आपल्या एक-दोन गाड्यांच्या मालकांना तो लागतच नव्हता. मग दुसरा ड्रायव्हर वाचवायचा, सोबत कोवळा क्लीनर द्यायचा आणि ‘उद्या सकाळी सातला माल पोहोचलाच पाहिजे’ म्हणायचे. पहाटे चारला डोळा लागून गाडी दुभाजकावर चढली की ‘ड्रायव्हरचा निष्काळजीपणा’. ओव्हरलोडचेही तेच. २०१९ पासून त्याला वीस हजार रुपये आणि वर दर जादा टनाला दोन हजार दंड आहे. माल भरतो कोण, आणि शेरा पडतो कुणावर? ड्रायव्हरचे रेकॉर्ड तपासणाऱ्या मालकाने वर्षातून एकदा स्वतःचेही तपासावे.

कुणाला द्यावी, कुणाला नाही

आम्ही सरसकट दयेची भाषा करीत नाही. एकट्या २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली, असे केंद्र सरकारचा अहवाल सांगतो. त्या आकड्यापुढे उभे राहून ‘सगळ्यांना एक संधी द्या’ म्हणणे हा बेजबाबदारपणा होईल. कणकुंबीच्या रस्त्यावर पाय गमावलेल्या माणसाला आम्ही काय सांगणार?

म्हणून आमचे म्हणणे असे की, किती चुका झाल्या हे मोजण्याआधी चूक कोणत्या जातीची आहे ते पाहावे. दारू पिऊन चालवणारा, आणि विशेषतः दुसऱ्यांदा सापडलेला, त्याच्या हाती अवजड गाडी देऊ नये. मग तो कुणाचाही मुलगा असो. जखमीला टाकून पळालेला, त्याचीही गय नको. जखमीला मदत करणे आणि पोलिसांत वर्दी देणे हे कलम १३४ प्रमाणे ड्रायव्हरचे कर्तव्य आहे. जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर कायदाही ते समजून घेतो, पण मग जवळच्या ठाण्यात गेले पाहिजे. न्याय संहितेतील पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत शिक्षेच्या कलमावरून जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या. १ जुलै २०२४ रोजी संहिता लागू झाली तेव्हा सरकारने ते पोटकलम बाजूला ठेवले. त्या संपामागची जमावाच्या मारहाणीची भीती खोटी नव्हती. तरी जखमीला रस्त्यावर सोडणे बरोबर ठरत नाही.

पण ज्याचा एक अपघात झाला, जो थांबला, ज्याने कबूल केले आणि त्यानंतर तीन-चार वर्षे ज्याचा रस्ता स्वच्छ आहे, त्याला दारातून परत पाठवण्यात शहाणपण नाही. अपघाताने धडा घेतलेला ड्रायव्हर घाटात कसा उतरतो ते एकदा शेजारी बसून पाहा. वेगाच्या चुका वारंवार करणारा, झोपेने एकदा चुकलेला, हे मधले लोक. त्यांना लांब पल्ल्याची रात्रीची गाडी लगेच देऊ नये. सहा महिने दूध-भाजीची जवळची फेरी द्यावी किंवा अनुभवी माणसाच्या हाताखाली दुसरा ड्रायव्हर म्हणून पाठवावे. भरलेली गाडी घेऊन चोर्ल्याच्या उतारावर तो खालच्या गिअरवर उतरतो की ब्रेकवर, एवढे पाहिले तरी कुठल्याही पत्रापेक्षा जास्त समजते.

ड्रायव्हर बंधूंना

आपल्या ड्रायव्हर बंधूंना दोन शब्द. जुनी गोष्ट लपवू नका. मालकाला ती दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळू द्या. निकालाची नक्कल काढून जवळ ठेवा. त्यात कोणते कलम आहे, किती दंड झाला, लायसन्स अपात्र झाले होते की नाही, हे वाचून घ्या. लायसन्सवर शेरा असेल आणि तीन वर्षे स्वच्छ गेली असतील तर कलम २५ प्रमाणे बिनशेऱ्याचे लायसन्स लेखी अर्ज करून मागा. डोळे तपासून घ्या. वय वाढते तसे रात्रीचे दिसणे कमी होते, हे मान्य करण्यात कमीपणा नाही. आणि पुढे कधी दुर्दैवाने प्रसंग आलाच, तर कागद वाचून दाखवल्याशिवाय सही करू नका आणि केवळ गाडी सुटावी म्हणून कबुली देऊ नका. गाडी मालकाची आहे. रेकॉर्ड तुमचे आहे.

मंडळाने काय ठरवले

आमच्या चुकीपासून आम्ही सुरुवात करतो. यापुढे मंडळ ड्रायव्हरच्या नोकरीसाठी ‘निर्व्यसनी व कष्टाळू’ छापाचे पत्र देणार नाही. त्याऐवजी अर्जदाराच्या संमतीने एक पान तयार करू. त्यावर लायसन्सची स्थिती, मागच्या पाच वर्षांतील अपघात व अपात्रता, निकालाचा गोषवारा आणि अर्जदाराचे स्वतःचे म्हणणे असेल. जे खरे असेल तेच लिहू. ते पान अर्जदाराला वाचून दाखवू आणि मगच त्यावर शिक्का मारू. मालकाने ते पाहून स्वतः निर्णय घ्यावा. कन्नड कागद वाचून मराठीत समजावून देण्यासाठी दोन वकील सभासदांनी महिन्यातून एक रविवार देण्याचे मान्य केले आहे.

सरकारकडे आमच्या मागण्या तीन. कॅमेऱ्याच्या दंडात त्या वेळच्या ड्रायव्हरचे नाव लावण्याची सोपी सोय मालकाला द्यावी. ड्रायव्हरला स्वतःची संपूर्ण नोंद आर.टी.ओ.तून एका अर्जावर मिळावी आणि ती त्याला वाचता येणाऱ्या भाषेतही मिळावी. आणि बिनशेऱ्याच्या लायसन्सचा हक्क मुदत भरताच आपोआप मिळावा, चकरा मारून नव्हे. निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येकाला या मागण्या विचाराव्यात, मग त्याचा झेंडा कोणताही असो.

शेवटी आपल्या जुन्या घरांना एक गोष्ट सांगाविशी वाटते. आपण या भागात पिढ्यानपिढ्या राहिलो ते शब्दाच्या पतीवर. ‘अमक्या घरातला आहे’ एवढे म्हटले की उधारी मिळे, सोयरीक जमे, नोकरी लागे. ती पत आपल्या आजोबांनी मिळवली, आणि आम्ही ती एका दारुड्याच्या हाती स्टेअरिंग द्यायला वापरली. घराण्याकडे पाहून माणूस ओळखण्याचा काळ गेला असेल तर जाऊ दे. पण मंडळाच्या सहीवर विश्वास ठेवावा असे लोकांना पुन्हा वाटायचे असेल, तर त्या सहीवरचे वाक्य आधी खरे असले पाहिजे.

खानापूरच्या त्या गृहस्थाकडे आम्ही गेल्या महिन्यात गेलो आणि त्याची माफी मागितली. त्याने चहा दिला आणि विचारले, ‘पान तयार करून कुणी गाडी देईल का, साहेब?’ आम्ही खोटा दिलासा दिला नाही. हा प्रश्न आम्ही आता आमच्या मालक सभासदांपुढे ठेवतो. ज्यांना दूध वा भाजीच्या फेरीसाठी ड्रायव्हर हवा आहे, त्यांनी कचेरीत यावे. पान तयार आहे. त्यात २०१४ चा अपघातही लिहिलेला आहे.